न चाखता गेलेली नणंद

१ डिसेंबर, रविवार

आज खिडकीत पहिली मेणबत्ती लावली. चार रविवार, चार मेणबत्त्या, की नाताळ दारात. समोर तोर्दिसनेही लावली आहे. तिची माझ्यापेक्षा बोटभर उंच आहे. मुद्दाम आणली असणार.

ठरवून टाकलं आहे आणि इथे लिहून ठेवते, म्हणजे मागे फिरायला नको. यंदा नाताळचे तळलेले गोड फात्तिमान मी एकटी करणार. पीठही माझं, तळणही माझं. कुणाचे पाय धरायला जाणार नाही.

तोर्दिस म्हणजे माझ्या आयलिफची थोरली बहीण. या खाडीच्या टोकाला हिवाळ्यात दोनच घरांत दिवे असतात, एक तिचं, एक माझं, मधे रस्ता. लग्न होऊन आले त्या वर्षापासून दर नाताळात आम्ही दोघी माझ्या स्वयंपाकघरात तळायला बसायचो. मी पीठ मळायचे, लाटायचे, कातण्याने चौकटी कापायचे, मधे चीर देऊन शेपूट ओढून काढायचे. ती पातेल्याशी उभी. तिने कधी लाटणं धरलं नाही, मी कधी झारा धरला नाही. चाळीस वर्षं असं चाललं आणि दोघींना वाटत होतं की आपल्याला फात्तिमान येतात.

गेल्या वर्षी ती आली, झारा हातात घेतला, पहिला घाणा सोडला, आणि मग झारा खाली ठेवून कोट घालून निघून गेली. काही न चाखता! नाताळच्या दिवसांत आलेलं माणूस तोंडात काही न घालता गेलं तर त्या घरचा नाताळ पाठीवर घेऊन जातं, हे मला नव्या सुनेला शिकवलं कुणी? तिनेच. आमच्याकडे विजेचं मीटर बघायला आलेल्यालासुद्धा बिस्किट खाल्ल्याशिवाय सोडत नाहीत.

मी काही असल्या गोष्टी मानत नाही. पण त्यानंतर बटाटे कुजले, बोटीचं इंजिन बसलं आणि माझी दाढ गेली. आता ज्याने त्याने काय ते समजावं.

३ डिसेंबर

पीठ भिजवलं. दहा अंड्यांचे बलक, साखर, घट्ट साय, कोन्याक ब्रँडीचे दोन चमचे (तिसरा चमचा माझ्यात गेला), वेलची ताजी कुटून. फात्तिमान या नावाचा अर्थ गरीब माणूस. एवढं सगळं घातल्यावर कोणीही गरीब होईल, असं आयलिफ दरवर्षी म्हणायचा आणि दरवर्षी स्वतःच हसायचा. पीठ लोण्यासारखं झालं आहे. झाकून थंड कोठीत ठेवलं, रात्रभर मुरायला.

सीवर्ट टपाल घेऊन आला. टपालाबरोबर तो दुकानातलं सामानही आणून देतो आणि तेवढ्या वेळात दोन्ही घरांत कॉफी पितो. त्यामुळे वर्षभर आमची इकडची तिकडे त्याच्यामार्फत चालू आहे, न विचारता.

"काय योरुनकाकू, यंदा जमलं का दोघींचं?"

"कोणा दोघींचं?"

"बरं बरं. तोर्दिसकाकूंनी दोन किलो मैदा मागवलाय, म्हणून म्हटलं."

ती आणि मैदा! पिठाशी तिची सोयरीक कधी झाली? मी त्याला दुसरी कॉफी दिली, म्हणजे अजून काही बोलला तर बोलला. नाही बोलला.

४ डिसेंबर

आज तळले. कापायला, वळायला मला कितीसा वेळ लागतो! पाट्यावर कशा ओळीने बसले होते, प्रत्येकाचं शेपूट नीट बाहेर. मग पातेल्यात तेल तापवलं आणि सोडले, तर ते तळाशी जाऊन आडवे झाले. किती वेळ वर यायचं नाव नाही. शेवटी आले ते तेल पिऊन, फुगून, फिकट. कागदावर काढले तर कागद पारदर्शक झाला, खालच्या टेबलाची नक्षी दिसायला लागली.

सीवर्टने दोन खाल्ले. म्हणाला, "चांगले आहेत काकू. ओठाला वेगळं मलम लावायला नको."

८ डिसेंबर, रविवार

दुसरी मेणबत्ती. दुसरा प्रयत्न.

या वेळी तेल चांगलं तापवलं. इतकं तापवलं की पहिला टाकल्याबरोबर तो काळा झाला, दुसरा टाकेपर्यंत पहिल्याने धूर सोडला, आणि छतावरचा धुराचा भोंगा जो बोंबलायला लागला तो झाडूच्या दांड्याने बडवला तेव्हा गप्प झाला. बाहेरून कोळसा, आतून कच्चं पीठ. बाहेर उणे नऊ असताना सगळ्या खिडक्या उघडून कोट घालून स्वयंपाकघरात उभी राहिले.

समोर पाहिलं तर तोर्दिसच्याही खिडक्या सताड उघड्या. या थंडीत! तिला बहुतेक अंगातल्या उष्णतेचा त्रास परत सुरू झाला आहे. या वयात हे बरं नव्हे, डॉक्टरला दाखवायला हवं. पण सांगणार कोण? मी नाही.

११ डिसेंबर

तोर्दिसने कावळ्यांना खायला घालायचं नवं खूळ काढलं आहे. सगळे जण नाताळात पाखरांसाठी ओटच्या पेंढ्या बांधतात, तशी तिने बांधलीच आहे, पण वर सकाळ-संध्याकाळ टोपल्यातून काहीतरी अंगणात ओतते. कावळे गर्दी करतात, एकदा चोच मारतात आणि विचारात पडल्यासारखे उभे राहतात. मग माझ्या अंगणात येऊन आरडाओरडा करतात. मला त्रास द्यायलाच हे चाललं आहे, दुसरं काय.

एकाने तर माझ्या पायरीवर काहीतरी आणून टाकलं. तपकिरी, चौकोनी, दगडासारखं टणक. जुन्या बुटाच्या टाचेचं कातडं असावं. गंमत म्हणजे त्याला वेलचीचा वास येत होता. कावळे कुठून काय उचलतील, नेम नाही.

माझे जळके मीही ओतले होते. त्यांना तर कावळ्यांनी तोंडसुद्धा लावलं नाही.

१२ डिसेंबर

आज काही नाही. बर्फ उपसला. तोर्दिसच्या पत्रपेटीसमोरचाही उपसला, कारण दोन्ही पेट्या एकाच खांबावर आहेत आणि मधे रेघ कुठे मारत बसू.

१५ डिसेंबर, रविवार

तिसरी मेणबत्ती. तळले नाही, धीर झाला नाही.

सीवर्ट काल सांगत होता, तोर्दिसकाकू म्हणायच्या की पातेलं बोलतं. लाकडी चमच्याचा दांडा बुडवायचा आणि ऐकायचं. मग मी काल दांडा बुडवून कान लावून उभी राहिले. पातेलं काही बोललं नाही. बुडबुडे आले, पण ते काय म्हणतात ते मला कुठे कळतंय? चाळीस वर्षं मी पातेल्याकडे पाठ करून लाटत होते.

खरं सांगायचं तर गेल्या वर्षी मी डुकराची चरबी न आणता तेल आणलं, तिथपासून हे सुरू झालं. आजवर आम्ही कधी तेलात तळलं नव्हतं. पण ऑक्टोबरात आयलिफ गेला, हृदय बंद पडून, बोटीचा नांगर ओढता ओढता. डिसेंबरात मी दुकानात चरबीच्या विटा ठेवलेल्या थंड कपाटासमोर उभी होते आणि हात पुढे होईना. चाळीस वर्षं मीच त्याच्या ताटात वाढली होती ती. म्हणून तेलाची बाटली घेतली. तोर्दिसला यातलं काही सांगितलं नाही. सांगण्यासारखं काय होतं? तिला तेलाचा वास आला, तिचा अपमान झाला, ती गेली. एवढंच.

तिचीही खिडकी आज बंद होती. उष्णता कमी झाली असेल तर बरं आहे.

१९ डिसेंबर

आज जमले. म्हणजे खाता येतील असे झाले. काही फिके, काही करपट, पण पाचात एक तरी बरा. टेबलाशी बसून मी एक खाल्ला. कुरकुरीत होता. वेलची होती. पण घराला नाताळचा वास नव्हता. मग मी दुसरा खाल्लाच नाही.

सीवर्ट म्हणाला, तोर्दिसकाकूंनी विचारलं, योरुनच्या घरातून त्या रविवारी एवढा धूर कसला येत होता, ती ठीक आहे ना.

म्हणजे हेरगिरी चालू आहे तर. मी म्हटलं, "सांग तिला, मी ठणठणीत आहे. आणि म्हणावं, तूच खिडक्या लावून झोपत जा, सर्दी होईल."

"दोघी माझ्या गाडीला पेट्रोल घाला आता," तो म्हणाला. "टपालापेक्षा तुमचेच निरोप जास्त."

२३ डिसेंबर

घर आवरलं, झाड सजवलं, टेबलावर गोडाचे सात प्रकार मांडले. सात नसले तर ते नाताळचं टेबल नव्हे. सहा प्रकार माझे नेहमीचे, भट्टीतले, त्यांत कोणी खोट काढून दाखवावी. सातव्या ताटात फात्तिमान. बरे झालेले वर, तेलकट खाली. वर बरे मोजकेच होते. एक उचलला की खालचं पितळ उघडं पडतं. म्हणजे पाहुण्याला एकच द्यायचा.

पण पाहुणा येणार कोण?

२४ डिसेंबर

चर्चमधून येताना आयलिफच्या थडग्यावर मेणबत्ती लावायला गेले. सगळी दफनभूमी दिव्यांनी भरली होती. बर्फावर ते दिवे फार सुरेख दिसतात. तोर्दिस माझ्याआधी येऊन गेली होती. तिने बर्फ बाजूला करून दगडावर आयलिफचं नाव मोकळं केलं होतं आणि आपली मेणबत्ती अगदी उजव्या कडेला ठेवली होती. डावीकडे तेवढीच जागा साफ करून मोकळी सोडलेली.

म्हणजे मी येणारच हे तिने गृहीत धरलं होतं. तिचा स्वभावच तसा, सगळं आधी ठरवून टाकायचं. मी डावीकडे ठेवली. दुसरी जागाच नव्हती.

संध्याकाळी भाजलेल्या बरगड्यांचं नाताळचं जेवण केलं, एकटीला फार झालं. समोर तिचीही एकच ताटली दिसत होती. मी काही मुद्दाम बघत नव्हते. पडदा धुवायला काढला आहे.

२७ डिसेंबर

आजचं सविस्तर लिहायला हवं, कारण आज मी पराक्रम केला आहे.

झालं असं. काल उगाचच पीठ भिजवलं. अंडी उरली होती, साय फुकट गेली असती. आज सकाळी ते पीठ कोठीतून काढलं, इतकं मऊसूत की बोट लावावंसं वाटावं. त्याला परत तेलात बुडवून छळायची इच्छा होईना. मग काहीतरी शोधायला बोट ठेवायच्या नावघरात गेले, आणि खुंटीवर बोकडाचा मुखवटा दिसला.

आता हे दिवस सोंगांचेच. नाताळनंतर मुखवटे चढवून लोक घरोघर फिरतात, बोलायचं ते श्वास आत ओढत, म्हणजे आवाज कळत नाही. घरच्याने नावं ओळखायची आणि तोंड गोड करायचं. पूर्वी आयलिफ दरवर्षी बोकड व्हायचा. कागदाच्या लगद्याचा तो मुखवटा, शिंगं खरी. शेजारीच त्याचा जाड कोट. आणि सोंगाला कोणी हाकलत नाही, सोंगाला नाव नसतं, सोंगाचं कोणाशी भांडण नसतं. हे सगळं मला त्या खुंटीसमोर एकदम सुचलं. मला कधी कधी फार चांगलं सुचतं.

तीनला अंधार पडला. कोट, मुखवटा, आयलिफचे बूट. पिठाचा गोळा फडक्यात बांधून कोटाच्या आत. रस्ता ओलांडला आणि तोर्दिसचं दार काठीने ठोकलं.

तिने दार उघडलं. शिंगांपासून बुटांपर्यंत पाहिलं. मग कोटाच्या बाहीकडे पाहिलं, तिथे काळ्या बटणांत एक निळं आहे, ते कधीतरी तिनेच लावलं होतं. मला वाटलं, बोंबललं. पण ती अगदी गंभीरपणे म्हणाली, "या या. एवढा थोराड बोकड कुठल्या गावचा? थांबा, ओळखते. पाद्रीबुवा?"

मी मान हलवली.

"सीवर्ट? छे, सीवर्टचं पोट या कोटात मावायचं नाही. मग ओस्लोचे कोणी मंत्री असाल. तेही नाही? हरले बाई. तीन नावं झाली, बसा."

माझं नाव तिला सुचलंसुद्धा नाही. सोंग एवढं वठलं होतं!

मी फडकं काढून टेबलावर ठेवलं आणि सोडलं. तिने पिठावर बोट दाबलं, बोट उचललं, पीठ सावकाश वर आलं. बराच वेळ ती त्याकडे बघत होती. मग कपाटातला एक डबा काढून माझ्यासमोर उघडला. आत तपकिरी, चौकोनी, दगडासारखे टणक तुकडे.

"हे मी केलेले," ती म्हणाली. "महिनाभर चाललंय. जितकं मळते तितकं चिवट होतं. कावळेसुद्धा परत आणून टाकतात."

बुटाचं कातडं! मी मुखवट्याच्या आत ओठ चावून उभी राहिले.

तिने लाटणं माझ्या हातात दिलं आणि आपण पातेल्याकडे वळली. चरबीची पांढरी वीट पातेल्यात सोडली. ती विरघळायला लागली, वास उठला, आणि माझे हात लाटता लाटता थांबले. आपल्या घराचा वास होता तो. दोन वर्षांपूर्वीपर्यंतचा.

तोर्दिस पाठमोरीच बोलायला लागली. "समोर माझी वहिनी राहते. तुम्ही परगावचे, ओळखत नसाल. हट्टी आहे. पण पिठाला असा हात सगळ्या खाडीत दुसऱ्या कोणाचा नाही. गेल्या वर्षी तिने तेल आणलं. का आणलं ते न कळायला मी काय दगड आहे? तिला वाटतं आयलिफ चरबीने गेला. अहो, आमचे वडील त्याच वयात गेले, आजोबाही त्याच वयात गेले, आणि आजोबांना तर चरबी दिसायचीच नाही, मासे आणि बटाटे खाऊन गेले बिचारे. हे तिला कोणीतरी सांगायला हवं. माझ्याशी बोलत नाही ती."

तूच बोलत नाहीस, असं माझ्या तोंडावर आलं होतं. पण श्वास आत ओढत भांडता येत नाही.

तिने चमच्याचा दांडा बुडवला, ऐकलं, जाळ जरा कमी केला. "झालं, आणा." मी दिले, तिने सोडले. ते तळाशी गेले आणि लगेच हसत वर आले.

"लोकांना वाटतं मी तेलाच्या वासाने निघून गेले," ती म्हणाली. "पहिला घाणा दरवर्षी आयलिफ चाखायचा. दरवर्षी जीभ भाजून घ्यायचा. गेल्या वर्षी मी झारा उचलला आणि मागे वळले, 'घे रे' म्हणायला. मागे नुसती खुर्ची. मला असं रडू आलं की काय सांगू. मी रडले असते तर योरुन कोसळली असती, ती नुकती कुठे सावरत होती. म्हणून कोट घातला आणि गेले. चाखायचं राहिलं हे रस्ता ओलांडल्यावर लक्षात आलं. परत फिरायची लाज वाटली. उद्या जाऊ म्हटलं. उद्या-उद्या करत वर्ष गेलं बघा, बोकडबुवा."

मला रडू येत होतं, आणि मुखवटा कागदाचा, आतून ओला होऊन बोकडाचं नाक मऊ पडलं आणि एका बाजूला झुकलं. इतकी वर्षं शेजारी राहून मला हे कळलं नव्हतं. मला वाटलं होतं तिला राग आला. राग तर माझ्याकडेच सगळा होता.

पहिला निघाला. सोनेरी, शेपूट ताठ. तिने तो झाऱ्यावरून पुढे केला. "पहिला पाहुण्याचा."

मी खिडकीकडे तोंड करून मुखवटा हनुवटीवरून थोडा उचलला आणि खाल्ला. जीभ चांगलीच भाजली.

"कसा आहे?"

"बरा," मी श्वास आत ओढत म्हटलं.

"नुसता बरा? मंत्रीच दिसता."

पीठ संपेपर्यंत आम्ही तळत होतो. बोलणं एवढंच, "आणा" आणि "घ्या". निघताना तिने फात्तिमानचा डबा भरून देऊ केला, पण मी नाही म्हटलं. डबा घेऊन घरी आले असते आणि उद्या सीवर्टने पाहिला असता तर सोंग फुटलं असतं. मी इतकी कच्ची नाही.

घरी येऊन कोट शेगडीमागे वाळत टाकला. अजून त्याला तळणाचा वास येतो आहे. इथे बसून लिहिते आहे आणि तो घरभर झाला आहे.

२८ डिसेंबर

सकाळी दारावर टकटक. तोर्दिस. मुखवटा नाही, काठी नाही, केस नीट विंचरलेले, मोकळे हात.

दोघी उंबरठ्यावर उभ्या. मी म्हटलं, "काय, या वर्षीचाही नाताळ घेऊन जायला आलीस?"

"ठेवायला आले," ती म्हणाली. "आत घेतेस का, की थंडीत गारठवतेस?"

ती आत आली. शेगडीमागे कोट टांगलेला, मी विसरूनच गेले होते! तिने त्याच्याकडे पाहिलं आणि नजर वळवली. नशीब, लक्षात आलं नाही. फडताळावर मुखवटा होता. जाता जाता तिने बोकडाचं वाकडं नाक सरळ केलं. नीटनेटकेपणाची सवयच आहे तिला, कोणाच्याही घरात वाकडं काही दिसलं की हात जातो.

ती आयलिफच्या खुर्चीत बसली. वर्षभर तिथे कोणी बसलं नव्हतं. मी कॉफी ओतली आणि सातवं ताट पुढे सरकवलं, मग आठवलं. वरचे बरे होते ते मीच परवा रडत रडत खाऊन टाकले होते. उरले होते ते खालचे.

"ताई, थांब, हे नको. दुसरं काही देते, सहा प्रकार आहेत."

"मी फात्तिमान चाखायला आले आहे," ती म्हणाली आणि एक उचलला. फिका, फुगलेला, तेलकट. बोटं चमकायला लागली. तिने तो पूर्ण खाल्ला, सावकाश, शेवटचा चुरा तळहातावरून उचलून. मी तिच्या तोंडाकडे बघत होते.

तिने कॉफीचा घोट घेतला आणि बोटं पुसली.

"अगदीच वाईट आहे गं, वहिनी," ती म्हणाली. "अजून एक दे."